आवक क्रमांक त्रेसष्ट

गायकवाडबाईंच्या हाती कागद दिला की त्या आधी तो उजेडाकडे धरत, मग पंच मारत आणि मगच वाचत. "भोक पाडलं की कागद पळत नाही," असं त्यांचं म्हणणं. सरकारी कार्यालयात आम्ही वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. मोठमोठ्या शिफारशी घेऊन आलेल्या सफारीवाल्यांनाही त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "कागद अपूर्ण आहेत. आपण बसा किंवा जा. दोन्हीला मनाई नाही."

निवृत्तीनंतरही आम्ही येरवड्यात एकाच सोसायटीत होतो. त्यांचा मुलगा आयटीत. आईचा वेळ जावा म्हणून त्यानं घरी कॉम्प्युटर, इंटरनेट आणि प्रिंटर आणला. बाईंना पुन्हा कार्यालय मिळालं.

त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. डॉक्टर बाईंना म्हणाले, तुम्हीही मॅमोग्राफी करून घ्या. स्तनांचा एक्स-रे असतो, अर्ध्या तासाचं काम. बाई "हो" म्हणाल्या, घरी आल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या.

तीन महिन्यांनी त्यांनी माझ्यापुढे एक जाडजूड फाईल ठेवली. प्रत्येक प्रिंटवर आवक क्रमांक.

"हे बघा. बारा म्हणतो, तपासणीनं जीव वाचतो. तेरा म्हणतो, नसती शंका निघते आणि उगाच सुया टोचतात. एकोणतीस म्हणजे अमेरिकेतली एक बाई. तपासणीला गेली आणि वर्षात वारली."

"तपासणीनं वारली?"

"ते लिहिलेलं नाही. म्हणून तर अजून शोधतेय."

चौतीस क्रमांक गव्हांकुरांच्या रसाचा होता. त्याची अंमलबजावणी मात्र तातडीनं झाली होती. खिडकीत कुंड्यांची रांग लागली होती.

"तुम्ही घाबरलायत, गायकवाडबाई."

"घाबरतंय कोण? निर्णय सगळ्या बाजू बघून घ्यायचा असतो. तुम्हाला घाई फार, जोशीबाई. म्हणून तुमच्या फायली परत यायच्या."

हे खरं होतं. पण कात्रजला बहिणीकडे जाणं त्यांनी बंद केलं होतं. बसला गर्दी असते म्हणाल्या. गर्दी काही काल सुरू झाली नव्हती. बहिणीचे केस मात्र नुकतेच गेले होते.

मी फाईल घरी नेली. बासष्ट कागद वाचले आणि वर लाल पेन्सिलीनं, त्यांच्याच पद्धतीनं शेरा मारला: 'अर्जदाराचा स्वतःचा तपासणी अहवाल जोडलेला नाही. कागद अपूर्ण. परत.'

बाईंनी शेरा सवयीनं उजेडाकडे धरला. बराच वेळ.

"बासष्ट कागद, आणि मुख्यच नाही," त्या म्हणाल्या. "मी असा क्लार्क बदलून मागितला असता. उद्या सकाळी रिक्षा बोलवा. आणि वाटेत मला काही वाचू देऊ नका."

तपासणीच्या खोलीत फाईल नेऊ देईनात. बाईंच्या हातातून ती मला सोडवून घ्यावी लागली. मी फाईल घेऊन बाहेर बाकावर बसले.

गाठ निघाली. हाताला लागणारही नाही एवढी लहान. ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले, आणि बाई पूर्वीसारख्याच सोसायटीच्या सभेत चेअरमनला "ठरावाची प्रत कुठाय?" विचारू लागल्या. तपासणीचा अहवाल आवक क्रमांक त्रेसष्ट झाला. चौसष्ट कधी आला नाही. बहिणीकडे दर रविवारी जाणं सुरू झालं, गर्दी होतीच.

सहा-सात वर्षांनी मुलाची बदली बंगळूरला झाली. निघायच्या दिवशी टॅक्सीत बसता बसता बाईंनी माझ्या हातात एक नवी, बारीक फाईल दिली. वर माझं नाव. आत एकच कागद, पंच मारून नीट लावलेला, आणि त्यावर लाल पेन्सिलीनं माझाच शेरा.

"अहो, मला काही त्रास नाही," मी म्हणाले.

"मलाही नव्हता. त्या दिवशी मला आत पाठवून आपण बाकावर बसलात. मी तेव्हाच विचारणार होते, तुमचा अहवाल कुठाय? पण दुसऱ्याची फाईल तपासताना माणूस किती शूर दिसतो, म्हटलं राहू दे."

टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवला. मग वर येऊन माझा कॉम्प्युटर सुरू केला. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि बंद केला. फाईल काखेत मारून खाली उतरले आणि रिक्षाला हात केला.