सोमवारची मालिका आणि शालनचं घर

समाजमंदिरातल्या टीव्हीची किल्ली प्रभावतीबाईंकडे असावी, असं कुठल्या बैठकीत ठरलं नव्हतं. टीव्ही आला त्याच आठवड्यात पोरांनी बटणं पिळून पिळून त्यातलं एक तोडलं. प्रभावतीबाईंनी खोक्याची लाकडी दारं ओढून घेतली, कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. "ज्याला बगायचंय त्यानं माज्यासमोर बगायचं," म्हणाल्या. वस्तीतलं कुणी हूं की चूं केलं नाही.

बाई मूळच्या तळवड्याच्या. एकोणीसशे सत्तावन्नच्या सुमारास लग्न होऊन पिंपरीत आल्या, तेव्हा रेल्वेलाइनीपलीकडे ज्वारीची शेतं होती आणि कारखान्यांचे भोंगे मोजकेच वाजत. नवरा भिवा फाउंड्रीत लागला. पुढे बाईंनाही औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगला काम मिळालं. कागदावर त्या कधी मुकादम झाल्या नाहीत, पण नव्याने लागलेल्या मुलीला पहिल्या दिवशी त्यांच्याच शेजारी उभं करत. आवाज खणखणीत, चाल भरभर, आणि काम आवडीचं. "उभ्यानं काम करायचं तर मान वर ठिवून करावं," असं त्या म्हणायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या.

एक्क्याऐंशी साली दर सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. माळावरचा एक जुना बंगला, तिथे राहायला आलेलं शहरातलं जोडपं आणि कुण्या एके काळी तिथे नाहीशी झालेली मालकीणबाई. वरच्या मजल्यावर बांगड्या वाजायच्या. प्रत्येक भाग एका बंद दारापाशी येऊन थांबायचा आणि वस्तीतली दीडशे माणसं एकदम श्वास सोडायची.

त्या मालिकेवरून वस्तीत दोन काय, दहा तट पडले. युनियनमधून निवृत्त झालेले लक्ष्मणराव चिडले होते. "समोर बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली तुम्ही भुतं बघता? ह्यासाठी धम्म घेतला का आपण?" असं ते दर सोमवारी विचारत आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून शेवटपर्यंत बसत. कंपनीत वॉचमन असलेला कोंडाजी कोकणातला. त्याची तक्रार वेगळीच होती. "हे काय भूत? तोंडाला पावडर फासून कोण भूत येतं? आमच्याकडचं एक दाखवलं असतं तर ह्यांचा कॅमेरा पडला असता." काही बायका नुसत्या त्या बंगल्याचे पडदे बघायला यायच्या. काहींनी पोरांना पाठवणं बंद केलं, कारण पोरं अंधारात मोरीकडे जाईनात. सगळ्यात हाल भिवाचे. दिवसभर वितळलेलं लोखंड हाताळणारा माणूस, पण बांगड्या वाजल्या की शेजाऱ्याचा गुडघा धरायचा.

प्रभावतीबाईंची सून कस्तुरा चाकणकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. ती तोंडावर पदर घेऊन पदराच्या जाळीतून सगळं बघायची आणि घरी जाताना नवऱ्याच्या, विलासच्या, शर्टाचं टोक सोडायची नाही.

आणि प्रभावतीबाईंना मालिका मनापासून आवडायची. "मस्त हाय," त्या म्हणायच्या. "अंगावर काटा येतो आन् दिवसभराचा शिणवटा जातो. डाक्तरनं बी असं औषध दिलं न्हाई."

गल्लीच्या टोकाला शालनचं घर होतं. पत्र्याचं, पण पक्क्या विटांच्या भिंतींचं. शालन प्रभावतीबाईंच्याच पॅकिंगच्या लाइनीवर कामाला होती, दोघी जोडीने जायच्या-यायच्या. दोन वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली, ती पोटात उतरली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ती वारली. नवरा दत्तोबा लहान मुलीला घेऊन बीडकडे, गावी परतला. जाताना घराकडे लक्ष ठेवायला प्रभावतीबाईंना सांगून गेला. घर बंद पडलं. दोन वर्षं त्या बंद घराचं कुणाला काही वाटलं नाही. पोरं त्याच्या ओट्यावर गोट्या खेळायची.

मालिका सुरू झाल्यावर मात्र गोट्या बंद झाल्या. नळावर कुणीतरी म्हणालं, शालनच्या घरातनं भांड्याचा आवाज आला. पुढच्या सोमवारनंतर भांड्याच्या बांगड्या झाल्या. मग कुणाला आठवलं की शालन दवाखान्यात नाही, घरातच गेली होती. मालिकेतल्या मालकीणबाईला नवऱ्याने जाळलं असं टीव्हीवर दिसलं, त्याच आठवड्यात वस्तीतली शालनही जळून मेलेली निघाली. ज्या बायका तिच्या मातीला गेल्या होत्या, त्यासुद्धा हे ऐकून मान हलवत होत्या.

प्रभावतीबाईंच्या कानावर हे तुकड्यातुकड्यांनी येत होतं. कानावर यायचं आणि त्या हसून सोडून द्यायच्या. दत्तोबा आला त्या दिवसापर्यंत.

दत्तोबाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. सोलापूरकडचं एक कुटुंब तयार झालं, टेम्पोत सामान घालून आलंही. त्यांची बाई नळावर पाणी भरायला गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. अर्ध्या तासात टेम्पो वळला. दत्तोबा प्रभावतीबाईंच्या उंबऱ्यावर येऊन बसला. चहा दिला तर कपाला हात लावेना.

"वैनी," तो म्हणाला, "जित्तेपणी तिनं कुणाच्या अरेला कारे केलं नाही. तिला हडळ केलं ह्या लोकांनी. आन् मला जाळणारा. माझी पोर उद्या मोठी झाली अन् हितं आली, तर तिनं आईबद्दल हेच ऐकायचं का?"

प्रभावतीबाईंनी त्याच्या पुढ्यातला चहा उचलला, परत गरम केला आणि त्याच्या हातात दिला. "आज सोमवार हाय," एवढंच म्हणाल्या. "जाऊ नगंस. थांब."

संध्याकाळी समाजमंदिर खच्चून भरलं. प्रभावतीबाई आल्या, पण किल्ली पदरातच राहिली. त्या टीव्हीच्या खोक्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"बाई, उघडा की! सुरू होईल!" मागून कुणीतरी ओरडलं.

"उघडते. आदी माजं ऐका." त्यांचा आवाज दारापर्यंत पोचला. "शालन कशी गेली ते मी सांगते, कारण मी तितं व्हते. दवाखान्यात गेली. माज्या मांडीवर डोकं व्हतं. अंग हाळदीसारखं पिवळं झालं व्हतं. मला म्हनली, 'आक्का, आज कुठली पाळी?' मी म्हनलं, 'दुसरी.' म्हनली, 'मंग तू उशिरा जाशील, माज्या पोरीला खाया घाल.' एवढं बोलली ती. त्यात जाळ कुठं हाय? बांगड्या कुठं हायत? दत्तोबानं तिच्यासाठी रक्त दिलं, दोनदा दिलं. तो बगा, तितं दारात उभा हाय."

माना वळल्या. दत्तोबा चौकटीला धरून उभा होता.

"आन् भूत म्हनता," प्रभावतीबाई पुढे म्हणाल्या. "जी बाई पाल दिसली तरी किंचाळत माज्या घरात घुसायची, ती तुमाला भेवडावणार व्हय? तुमीच सांगा. तुमी समद्यांनी बगितलीय ती पळताना."

कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणीतरी. कारण ते खरंच सगळ्यांनी पाहिलं होतं. शालन एकदा केस विंचरता विंचरता तशीच मोकळ्या केसांनी गल्लीभर पळाली होती, आणि पाल मात्र भिंतीवर होती तिथेच होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला.

सगळेच विरघळले असं नाही. "मालिका बघायला आलो, भाषण ऐकायला नाही," असं एक तरुण पुटपुटला. कोंडाजी उठून उभा राहिला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. "बाई, शालनबाईचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण घर रिकामं राहिलं की दुसरं कायतरी शिरतं. माणूस नसलेलं घर वाईटच."

"मंग माणूस ऱ्हाईल," प्रभावतीबाई म्हणाल्या. "आमीच घेतो ते घर भाड्यानं."

एवढं बोलून त्यांनी कुलूप काढलं. मालिका सुरू झाली होती, बांगड्याही वाजत होत्या. पण त्या दिवशी अर्धे लोक टीव्हीकडे बघत होते आणि अर्धे दत्तोबाकडे. लक्ष्मणरावांनी सरकून त्याला आपल्या शेजारी जागा दिली.

घरी पोचल्या पोचल्या कस्तुराने रडायला सुरुवात केली. "आत्या, मी तिथं राहणार नाही. मला माहीत आहे तुम्ही सांगितलं ते खरं आहे. पण मला भीती वाटते, त्याला मी काय करू?"

विलास बसला होता तो ताडकन उठला. "आई एवढं लोकांसमोर बोलली आणि तू—"

"गप ऱ्हा," प्रभावतीबाईंनी त्याला थांबवलं. "भ्या काय वरडून जातंय व्हय? पोरगी खरं बोलतीय. मला समद्या गल्लीत तेवढी एकच खरं बोलताना दिसली." मग सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमी दोघं हितंच ऱ्हावा. ही खोली तुमची. तितं आमी दोघं जातो."

भिवा कोपऱ्यात पायांना तेल लावत होता. त्याचा हात थांबला. "दोगं म्हंजी?"

"म्हंजी तुमी आन् मी. अजून कोन?"

"अगं, पर मला कुनी इचारलं का?"

"इचारते की. येता का?"

भिवाने तेलाची वाटी पुसून बाजूला ठेवली. नंतर म्हणाला, "तू हायस म्हनल्यावर येतो."

पुढच्या रविवारी सामान हललं. दत्तोबाही मदतीला थांबला होता. घरात धूळ होती आणि फडताळावर शालनने कात्रीने नक्षी कापून लावलेली वर्तमानपत्रं पिवळी पडली होती. प्रभावतीबाईंनी धूळ झाडली. ती नक्षी तेवढी राहू दिली.

सुरुवातीला भिवा संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावरच बसायचा. आत यायला काही ना काही निमित्त लागायचं. बाई भाकरी थापता थापता आतून बोलत राहायच्या. शालन लाइनीवर कशी गाणी म्हणायची, मुकादम आला की तोंड बंद करून नाकातनं तीच चाल कशी चालू ठेवायची, पहिल्या पगाराला दोघींनी मिळून आइस्क्रीम खाल्लं आणि तिचे दात कसे शिवशिवले. भिवा ऐकायचा. शालनला त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पण ही शालन त्याला माहीत नव्हती. ऐकता ऐकता तो एक दिवस उंबऱ्यावर सरकला. मग चुलीपाशी. एकदा भिंतीवर पाल चुकचुकली, तर म्हणाला, "हिनंच दमवलं व्हय गं त्या शालनला?" आणि उठून केरसुणीने तिला हुसकून आला.

आणखी एक गोष्ट झाली, ती प्रभावतीबाईंनी कुणाला बोलून दाखवली नाही, पण सगळ्यांच्या लक्षात आली. लग्न झाल्यापासून ह्या दोघांना आपली अशी वेगळी खोली कधी मिळाली नव्हती. आधी सासू-सासरे, मग दीर, मग मुलगा, मग सून. आता संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून शेंगा सोलायची. भिवा फाउंड्रीतल्या गमती सांगायचा, आणि बाईंचं हसणं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

मालिका पावसाळ्याआधी संपली. शेवटच्या भागात कळलं की बंगल्यात भूत नव्हतंच. मालकिणीच्या पुतण्याला ती जागा हवी होती, बांगड्या तोच वाजवत होता आणि तोंडाला पावडर फासून तोच फिरत होता. समाजमंदिरात नुसता गोंधळ. "फसवलं!" कोंडाजी ओरडला. "तीन महिने बसवलं आणि शेवटी माणूस!" लक्ष्मणराव जिंकल्यासारखे उभे राहिले, पण चेहऱ्यावर आनंद दिसेना. एवढे सोमवार काढले ते काय ह्यासाठी, असं त्यांनाही वाटत असावं. पडद्यांसाठी येणाऱ्या बायका म्हणाल्या, बंगला मात्र छान होता. कस्तुराने तोंडावरचा पदर काढला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"मला तर भूतच पायजे व्हतं," प्रभावतीबाई दारं ओढत म्हणाल्या.

लक्ष्मणराव चकित झाले. "तुम्ही? तुम्ही असं म्हणता?"

"गोष्टीत पायजे, राव. गोष्टीत भूत नसंल तर सोमवारी यायचं कशाला? गल्लीत नगं, एवढंच."

दिवाळीनंतर कस्तुराला दिवस गेले. तिच्या त्या पत्र्याच्या एका खोलीत तिला फार उकडायचं. मार्चमधल्या एका दुपारी प्रभावतीबाई पहिल्या पाळीवरून परतल्या, तर सून शालनच्या घरात जमिनीवर पदर पसरून गाढ झोपलेली होती. बाईंनी तिला उठवलं नाही. बाहेर येऊन ओट्यावर बसल्या.

पुढच्या जूनमध्ये दत्तोबा मुलीला घेऊन आला. गावाकडे शाळा चौथीपर्यंतच होती, आणि घर तर तिचंच होतं. ती प्रभावतीबाईंजवळ राहून शिकू लागली. पहिल्या दिवशी नळावर गेली, तेव्हा बायकांनी तिला गराडा घातला. एक म्हणाली, हसते अगदी आईसारखी. दुसरी म्हणाली, तुझी आई गाणी म्हणायची, तुला येतात का? कोंडाजीसुद्धा ड्यूटीवर जाता जाता थांबला आणि तिची आई पालीला भिऊन मोकळ्या केसांनी पळाल्याची हकीकत हातवारे करून सांगू लागला. मुलगी इतकी हसली की घागर भरून वाहायला लागली तरी तिच्या लक्षात आलं नाही.