मावशींनी वेचलेले दगड

धरणाचं पाणी ओसरलं की दुष्काळी माळाच्या काठावर आदिमानवाची दगडी हत्यारं उघडी पडतात. एकही दगड न हलवता, तो नेमका कुठे पडला आहे ते नकाशावर टिपायचं, हे आमच्या पाहणीचं काम. कॉलेजने मला पहिल्यांदाच जमिनीचा एक तुकडा एकट्याला नेमून दिला होता.

चार दिवसांत जेमतेम एक कोपरा टिपून झाला होता. पाचव्या सकाळी पोचलो, तर माझ्या तुकड्यातले सगळे दगड एका जागी रचलेले. शेजारी मेंढ्या राखणाऱ्या मावशी हसत उभ्या.

"चार दिस नुसता वाकून बघतोयस, एक बी उचलत न्हाईस. म्हटलं, पोराची कंबर धरली आसंल."

"कुठला कुठे होता, मावशी?"

"हितंच की समदे."

राग आला, पण काढायचा कुणावर? दगड एकही हरवला नव्हता. हजारो वर्षांपूर्वी कुणी कुठे बसून ते घडवले आणि कुठे टाकून उठला, एवढंच एका सकाळीत पुसलं गेलं. तेही मायेनं. चार दिवस मी त्यांच्या कळशीतलं पाणी प्यालो, पण इथे काय करतोय ते सांगायचं मला सुचलं नाही.

आता सांगायला बसलो, तर तोंडात सगळे कॉलेजातलेच शब्द येत होते. मावशी मान हलवत राहिल्या. मी अभ्यासाबद्दल बोलतो तेव्हा माझी आईही अशीच मान हलवते.