न वाजलेल्या टाळ्या

मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं छोटं नाट्यगृह माझ्या तक्रारीमुळे बंद पडलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आवाजाने आजारी आईला झोप येत नाही, असं मी नाव गुप्त ठेवायला सांगून पालिकेला कळवलं होतं. खरं म्हणजे प्रेक्षक माझ्या जागेत गाड्या लावायचे.

जुन्या छापखान्याच्या गाळ्यात ते उभं करणारा माणूस मला रोज जिन्यात भेटायचा. चपला हातात घेऊन चढायचा. "आईंना झोप लागली का रे?" एवढंच हळू विचारायचा. दाराच्या बिजागऱ्यांना स्वतः तेल घालायचा. मला वाटायचं, माणूस भित्रा आहे.

शेवटच्या प्रयोगाला त्याने मला हाताला धरून नेलं. "इतकी वर्षं वर राहतोस, एकदा तरी बघ ना."

नाटक संपलं. सगळे उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून नुसतेच हलवू लागले. एकही टाळी वाजली नाही. मी चक्रावलो.

"हे काय?"

"आमची पद्धत. तुझी आई आजारी पडली तेव्हापासून. कधी कळलं नाही ना तुला? झकास."



आता आई नाही, आणि गाळ्यात गोदाम आहे. तक्रार माझी होती, हे त्याला तोंडावर सांगण्याचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.