एक डबा माती

कारखान्यातून बाहेर पडताना सगळ्यांचे डबे तपासतात. बाबूतात्यांचा डबा आत येतानाही तपासला जायचा. माझ्या पहिल्या दिवशी गेटवरच्या रांगेत ते माझ्या पुढे होते. वरच्या पुडात भाकरी, खालच्या पुडात माती.

"आत माती नाही का, तात्या?" वॉचमनने विचारले.

"आत मुरूम हाय."

तात्या महाळुंग्याचे. कारखाना त्यांच्याच शेतावर उभा होता आणि ते तिथे कंत्राटी माळी होते. शेताचा एक बांध तेवढा उरला होता. त्यावरच्या जुन्या चिंचेखालची माती ते रोज आणायचे आणि मागच्या भिंतीकडच्या रोपांना मूठमूठ घालायचे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बागेची देखरेख माझ्याकडे होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. भिंतीकडची रोपे जगली तरच पुढे नोकरी होती. एकदा आळे उकरले तर मुळांना बारीक पांढरे धागे. बुरशी म्हणजे रोग, एवढेच मला पाठ होते. मी सगळ्या रांगेला बुरशीनाशक ओतायला सांगितले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"बरं, सायेब."

दोन महिन्यांनी अर्धी रांग पिवळी पडली होती आणि अर्धी हिरवीगार. मॅनेजर पाहायला आले. मी काही बोलण्याआधीच तात्या म्हणाले, "सायबांनी पारखून बगितलं. अर्ध्याला औशद, अर्ध्याला न्हाई." मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली. नोकरी राहिली.

त्या रविवारी मी पुस्तक नीट वाचले आणि सोमवारी तात्यांना सांगितले. मुरमात मूळ जिथे पोचत नाही तिथे हे धागे पोचतात, पाणी आणि स्फुरद आणून देतात. झाड त्यांना साखर देते.

"म्हंजे मुळं पर्मनंट आन् बुरशी कंत्राटी," तात्या म्हणाले.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला काय ठाव? त्या चिंचंला कुनी कवा खत घातलं न्हाई, एवढंच ठाव."

पुढे रस्ता रुंद झाला. बांध गेला, चिंच गेली. वयामुळे तात्यांचे कंत्राटही संपले. शेवटच्या दिवशी त्यांचा डबा बाहेर जाताना अडला. आत भिंतीकडच्या झाडांखालची माती होती.

"नव्या घराम्होरं समदा मुरूमच टाकलाय," ते मला म्हणाले. "एक चिंच लावतो."

मी गेटपास लिहिला: माती, एक डबा. खाली दोन रकाने असतात, परत येणार आणि परत न येणार. मी पहिल्यावर खूण केली.

"माती परत आनायची व्हय?"

"तुम्हीच घेऊन या, तात्या."

"बगू."

त्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या दारातली चिंच आता माझ्या खांद्याला लागते. महिनाअखेरीला वॉचमन बाकी पासांची यादी घेऊन येतो. "साहेब, तुमचा एक डबा यायचाय."

"राहू दे," मी म्हणतो. तो पास मी अजून बंद केलेला नाही.