गोळ्यांचा घाट

"लगीन लागंस्तोवर एक जरी लोखंडी गोळी फरशीवर पडली, न्हाईतर ती गोळ्यांची मशीन बंद पडली, तर शेड धाकट्याची. मग कुणी तोंड उघडायचं न्हाई," असं मामा भावकीसमोर बोलले आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मामा म्हणजे माझे सासरे. सासऱ्यासमोर सुनेनं उलटून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी दाराआड पदर घेऊन उभी होते. हातातलं पातेलं तेवढं जोरात आपटलं. दिरानं लगेच मान डोलावली. त्याला ती शेड कधीपासून कृषी सेवा केंद्र टाकायला पाहिजे होती.

शेड म्हणजे काय, वर पत्रे, खाली कोबा आणि एक वेल्डिंगचं मशीन. तेलगावात, परळी रोडला. आमच्या ह्यांनी ती सुरू केली होती. गेट, खिडक्यांच्या ग्रील, ट्रॉलीचे फाळके, असलं काम. मी आधी नुसती सळई धरायला उभी राहायचे, मग हळूहळू हँडल माझ्याच हातात आलं. पुढं ह्यांना पुण्याकडं कंपनीत नोकरी लागली. ते गेले, मी शेड सोडली नाही. धारा काढून, भाकरी करून मगच तिकडं जायचे, तरी मामांच्या डोळ्यात सलायचे. "बाईच्या हातात लाटणं शोभतं, येल्डिंगचं हँडल न्हाई," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणं चालूच. ह्यांना फोन केला की म्हणायचे, "तू आन् आबा मिळून बघा." घ्या! दगडाला पाझर फुटेल, पण आमचे हे बापासमोर तोंड उघडायचे नाहीत.

गोळ्यांचं वेड कसं लागलं तेही सांगते. ट्रॅक्टरचं तुटकं बेअरिंग ठोकत होते, त्यातली एक गोळी निसटली आणि ग्रीलसाठी शेजारी शेजारी मांडलेल्या दोन सळयांवरून घरंगळत पार टोकाला गेली. मी ती उचलून परत सोडली. परत गेली. परत सोडली. ग्रीलवाला गिऱ्हाईक दारात येऊन खोकला तरी मला पत्ता नाही.

दोन सळया सारख्या अंतरानं वाकवायच्या, खालून फासळ्यांसारखे तुकडे डकवायचे, आणि त्यावरून गोळी उतरवायची. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. वळणावर बाहेरची सळई कमी उचलली तर गोळी उडी मारते, जास्त उचलली तर रेंगाळून मधेच बसते. धारूरच्या घाटात ड्रायव्हर वळणाआधीच गाडी आवरतो, तशी गोळी आधीच्या सरळ पट्टीत आवरावी लागते. वेल्डिंगचा डाग देताना सळई जरा जास्त तापली की अख्खं वळण मुरगळतं. मग तोडा, घासा, पुन्हा वाकवा. मी त्या गोळ्यांना लई शिव्या दिल्यात. "मर मेले, पड तिकडंच," म्हणून भिंतीवर फेकूनही मारल्यात आणि मग कोपऱ्यात वाकून शोधत बसलेय.

गोळी वर न्यायला एक जड चाक. रहाटाला गाडगी असतात तशा त्याला वाट्या. चाक फिरवायला जुन्या कुलरची मोटर, पुली-पट्टा लावून वेग कमी केलेली. वाटी वर गेली की कलते आणि गोळी पहिल्या पट्टीवर ठेवते. तिथून घाट सुरू. नागमोडी, गोल झोका, मधे एका घंटीवर टोला, आणि शेवटी परत खालच्या वाटीत. गावानंच त्याला नाव दिलं, गोळ्यांचा घाट.

पहिला घाट शाळेच्या गॅदरिंगला ठेवला होता. एक गोळी निसटून पाहुण्यांच्या पायाखाली आली आणि पाहुणे सपशेल आडवे. लागलं कुणाला नाही, पण गावानं मामांना सोडलं नाही. पारावर त्यांना "या गोळ्यावाले" म्हणायला लागले. मामा कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नाहीत. त्या अटीचं मूळ ते.

आणि संधीही लगेच आली. परळीच्या अलीकडं एका बागायतदारानं मंगल कार्यालय बांधलं. "जिल्ह्यात कुणाकडं न्हाई असं कायतरी दारात पायजे," म्हणून त्यानं माझ्याकडून पुरुषभर उंचीचा घाट करून घेतला. पहिलं लग्न त्याच्याच पुतणीचं. मामांना पत्रिका, सगळ्या भावकीला पत्रिका. मामांनी अट घातली ती याच लग्नावर, शेडचा निकाल तिथंच लागायचा होता.

हिवाळाभर मी त्या घाटाला भिडले. शिवारात गव्हाला, उसाला पाणी चालू, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू, आणि शेडमधला बल्ब हळदीसारखा पिवळा. त्या मरतुकड्या लाइटवर मी चाकाचा वेग बसवला. वाटी कधी कलते, गोळी कधी सुटते, पट्टी कुठं पाहिजे, सगळं त्यावरच. लाइट याच्यापेक्षा जास्त असू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? परळीला विजेच्या कारखान्याची एवढी मोठी चिमणी धूर सोडते, पण आमच्या गावात जन्मापासून बघितली ती लाइट अशीच. हॉलमध्ये घाट बसवला तेव्हाही संध्याकाळ होती, तिथंही तीच रडकी लाइट. घाट छान चालला. एक गोळी ढळली नाही. मी निर्धास्त घरी आले.

लग्न दुपारचं. वऱ्हाड यायला लागलं तशी पोरं, बायका घाटाभोवती जमल्या. मामा नवा फेटा बांधून समोरच्या खुर्चीत बसले होते. घाटाकडं बघत नव्हते, खालच्या फरशीकडं बघत होते. दीर पांढरे कपडे घालून, मोबाइल काढून तयार. घंटीचा प्रत्येक टोला छातीत वाजत होता.

तेवढ्यात हॉलमालक ओरडला, "लाइटचा भरवसा न्हाई. जनरेटर घ्या रे चालू करून!"

क्षणभर पंखे मंदावले. चाक जड होतं म्हणून फिरत राहिलं. मग ट्यूबा अशा पांढऱ्याफेक पेटल्या की डोळे दिपले. डोक्यावरचे पंखे भणभणायला लागले आणि माझ्या चाकाचा आवाजच बदलला. वाटी धड कलायच्या आधीच गोळी सुटली, पट्टीला चाटून गेली आणि थेट हवेत. मी दोन्ही हातांनी पदर पसरला. पदरात पडली. बायका हसल्या, त्यांना वाटलं असाच खेळ आहे.

दुसरी गोळी वर यायच्या आत मी तळहात चाकाच्या कडेला दाबला. वेग उतरला, गोळी पट्टीवर नीट बसली. हात जरा सैल केला की चाक पळायचं. जास्त दाबला की थांबायला बघायचं. पदराचा बोळा मधे घालून बघितला, तर तोच आत ओढला जायला लागला. मग उघडा हात. लोखंड तळव्याची साल काढत होतं आणि मी तोंडावर हसू ठेवून उभी.

बटन बंद करावं तर अट मोडली. हात काढावा तर अट मोडली. वर बघितलं, पंखा गरगरत होता. आणि मग कळलं. पंख्याला रेग्युलेटर असतो! कुलरची मोटर म्हणजे पंख्याचीच बहीण, मधे रेग्युलेटर घातला की चाक पहिल्यासारखं चालणार. टेस्टर माझ्या कमरेला होता. हॉलच्या पंख्यांचे रेग्युलेटर कुलूपबंद पेटीत होते, पण एक सकाळी साडी नेसताना नवरीच्या खोलीत बघितला होता, भिंतीवर, जुन्या पद्धतीचा, मोठा. पण तिथं जायचं तर चाक कुणाच्या हातात द्यायचं?

पोरांची बोटं अडकली असती. दीर तर हसत हसत सोडून देणारा. अनोळखी माणसाला किती दाबायचं हे कळणार नाही. उरले मामा. जनावरांत जन्म गेलेला माणूस. उधळलेल्या गोऱ्ह्याचं दावं किती ढिलं सोडायचं, किती आवळायचं, हे त्या हाताला माहीत होतं. आणि घाट बंद पडावा असं साऱ्या मांडवात कुणाला वाटत असेल, तर ते त्यांनाच.

"मामा, हिकडं या," मी हाक मारली. भर मांडवात, मोठ्यानं. जन्मात पहिल्यांदा.

ते आले. "कावून धरून उभी हायस?"

"लाइट जास्त हाय. सोडलं की गोळ्या उडतेत."

"मग सोड की," ते म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही.

"मला नवरीच्या खोलीतनं एक वस्तू आणायचीय. तवर तुमी धरा."

"शुद्धीवर हायस का? मी धरू?"

"तुमीच. हात द्या."

सासऱ्याच्या हातातून आम्ही वस्तूसुद्धा थेट घेत नाही, ते खाली ठेवतात मग आम्ही उचलतो. मी त्यांचं मनगट धरलं आणि तळहात चाकावर टेकवला. "गोऱ्हा हाय असं समजा. पळू द्यायचं न्हाई, थांबू द्यायचं न्हाई." आणि निघाले. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

नवरीच्या खोलीत पंख्याचं बटन बंद केलं तशी नवरीची आत्या अंगावर आली. "अगं ए बाई, पोरीचा मेकअप उतरंल! कोन हायस तू?"

"येल्डर," म्हटलं. "पत्रिकेनं वारा घाला."

आत्या आणखी बोलली असती, पण नवरीला बोलावणं आलं आणि सगळ्या तिच्यामागं निघून गेल्या. मी एकटी. तळव्याची आग होत होती, टेस्टर हातात धरवत नव्हता, एक स्क्रू जाम बसलेला. बाहेर माइकवर मंगलाष्टकं सुरू झाली. मी जिवाचा कान करून ऐकत होते, फरशीवर गोळी पडल्याचा आवाज येतो का. त्या गोंगाटात काय ऐकू येणार! खरं सांगते, ते सोडणार अशीच माझी खात्री होती. धाकट्याचं दुकान एका हाताच्या अंतरावर होतं, तो हात नुसता काढायचा होता. आणि मी माझ्याच हातानं त्यांच्या हातात माझा गळा देऊन आले होते. मला रडायला यायला लागलं, आणि रडायला येतंय याचाच लई राग आला. त्या रागात स्क्रू निघाला.

बाहेर आले तर माणसांची भिंत. सगळे हातात अक्षता घेऊन उभे, घाट दिसेना. आमच्याकडं लोक जिथं उभे असतात तिथूनच अक्षता फेकतात, त्या नवरा-नवरीपर्यंत जातायत की पुढच्याच्या टकलावर, कुणाला फिकीर नसते. आणि मग माझं लक्ष त्या मुठींकडं गेलं. तांदळाचा एक दाणा जरी सळईवर बसला तरी गोळी तिथून उडणार. हे मला आधी सुचलंच नव्हतं. 'सावधान' झालं, मूठमूठ तांदूळ हवेत गेले.

"ए, हिकडं टाकू नगा बे! दिसत न्हाई का डोळ्यानं?"

आवाज मामांचा होता. मी कोपरं मारत घुसले. मामांचा एक हात चाकावर होता. दुसऱ्या हातानं त्यांनी नवाकोरा फेटा सोडून घाटाच्या चौकटीवर पसरला होता, आणि त्याचं टोक धरून ते माणसांवर खेकसत होते. भावकीसमोर, उघड्या डोक्यानं. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचं डोकं उघडं पाहिलेलं नव्हतं. फेट्यावर तांदूळ पडत होते आणि खाली एकेक गोळी आपली वळणं घेत घंटीवर टोला देऊन जात होती.

वाजंत्री सुरू झाली. बाहेर फटाके फुटले.

"आता कर बंद," मामा म्हणाले. "लगीन लागलं."

मी बटन बंद केलं. त्यांनी हात काढून पटकन मुठीत दडवला, पण मला दिसला. लालबुंद, मधे साल गेलेली. फरशीवर वाकून बघितलं, दूरपर्यंत तांदूळच तांदूळ. गोळी एकही नव्हती. वायरमध्ये रेग्युलेटर जोडला, चाक पुन्हा शहाण्यासारखं फिरायला लागलं. हॉलमालक पाहुण्यांना घेऊन आला आणि घाट आपणच घडवल्यासारखा दाखवायला लागला. दाखवू दे म्हटलं.

परतताना जीपमध्ये दीर धुमसत होता. "आबा, हातानं धरलेलं कसं चालंल? हे काय खरं न्हाई."

"अट गोळीची व्हती," मामा म्हणाले. "गोळी पडली का? मशीन बंद पडली का? शेड तिची. तू दुसरीकडं जागा बघ."

घरी आल्यावर मी गोठ्यात धार काढायला बसले. आवरेना, म्हशीच्या पोटाला डोकं टेकून ढसाढसा रडून घेतलं. पाठीमागं मामा वैरण टाकत होते, डाव्या हातानं. ऐकलं असणार त्यांनी. मला राहवेना.

"मामा, एक इचारू? तुमी सोडलं कावून न्हाई?"

त्यांनी पेंढी सोडून म्हशीपुढं पसरली.

"सोडनारच व्हतो," ते म्हणाले. "पर एक गोळी वर गेलती. म्हनलं, एवढी खाली येऊ दे, मग सोडू. ती खाली यीस्तोवर दुसरी वर गेली."