गल्लीपुरता आवाज

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आईच्या फोटोसमोर तर मुळीच नाही. तुला सांगतोय, कारण तू — नाही, कारणबिरण काही नाही. सांगतो.

गोष्ट गाडीच्या सायलेन्सरची आहे. हसू नकोस. सहा सिलिंडरची, काळी, जर्मन, दुसऱ्याने वापरून सोडलेली गाडी मी मोठ्या तोऱ्यात घेतली होती. रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत शिरताना तिचे दोन्ही आरसे मिटावे लागायचे. उभी राहायची ती शेजारच्या बोरकर काकांच्या ओसरीला चिकटून, कारण दुसरी जागाच नव्हती. कंपनीचा सायलेन्सर अगदी मुका. एवढं इंजिन आणि आवाज शिलाई मशीनचा! म्हणून मला बाहेरचा बसवायचा होता. इथपर्यंत काही वावगं नाही, शौक कुणालाही असतो.

भनपुरीत ट्रकवाल्यांच्या गॅरेजांमध्ये एक मिस्त्री हे काम करायचा. त्याने मला असे सायलेन्सर बसवलेल्या गाड्या चालू करून दाखवल्या. एकीचा आवाज फाटका होता, नुसता कलकलाट. दुसरीचा भारदस्त, पण चोवीस तास तसाच. मग तिसरी. तिच्या नळीत एक झडप होती आणि किल्लीला अडकवायचं छोटं रिमोट. झडप बंद केली की कंपनीसारखी शांत, उघडली की छातीत धडधडणारी. मिस्त्री म्हणाला, "भैया, यही ले जाओ. मोहल्ले में बंद रखो, हाईवे पे खोल दो. बुजुर्ग लोग रहते होंगे न आपके उधर?"

राहायचे ना. म्हणून तर तीच झडप घेतली.

फक्त मी ती उलटी वापरली. गल्लीत उघडी, आणि कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याला लागलो की बंद — कारण खरं सांगू? तो आवाज आत बसून ऐकला की माझंच डोकं दुखायचं.

बोरकर काकूंना लकवा मारून गेला होता. डावा पाय घिसटायचा, बोलणं अडखळायचं. रोज सकाळी त्या ओसरीचा कठडा धरून चालायला शिकायच्या. काका त्यांच्यासमोर उलटे चालायचे, दोन्ही हात पुढे करून, लहान मुलाला बोलावतात तसे. नेमका तेव्हाच मी गाडी सुरू करायचो. थंड इंजिन पहिल्या दणक्याला कसं ओरडतं, तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी काकू जागच्या जागी बसल्या. बसल्या कसल्या, खाली गेल्या. मी आरशात पाहिलं. आणि मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

काहून, विचारशील. आमच्यात मुलीकडचे लोक लग्न ठरवण्याआधी शेजारीपाजारी चौकशी करतात. रायपुरात मराठी घरं ती किती, सगळ्यांना सगळं माहीत. पण चौकशीला आलेल्या माणसाला शेजाऱ्याने चहा पाजायचा आणि म्हणायचं, पोट्टा सोन्यासारखा आहे. कुणाचं जुळत असलेलं मोडायचं नाही, हा शिरस्ता. वर्ध्याचं स्थळ आलं होतं, मुलगी मला मनापासून आवडली होती. बोरकर काकांनी चहा पाजला आणि सांगितलं — पोट्टा कमावते चांगला, पण आईवर हात उचलते. स्थळ मोडलं, आणि मधल्या माणसाने ते शब्द मला जसेच्या तसे आणून दिले. आई तेव्हा नुकतीच गेली होती.

काका खोटं बोलले असते, तर आज मला तुला सांगायला काहीतरी निमित्त असतं. ते खरं बोलले होते. त्यांच्याच ओसरीतून त्यांनी पाहिलं होतं. एकदा नाही.

मग मी काय केलं? लाज वाटून घेतली? छे. डूख धरला. काकांना आवाजाने काही होईना, म्हणून जिला होत होतं तिला धरलं. ज्या बाईच्या हातचं वरणफळ खाऊन मी वाढलो, तिला.

एका सकाळी काका गाडीपाशी आले. रेल्वेत जन्म काढलेला ताठ माणूस, त्यांना वाकून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबू, आवाज जरासा कमी नाही होत का रे? तुही काकू लई दचकते."

रिमोट माझ्या मुठीत होतं. "सहा सिलिंडर आहे काका," मी म्हणालो. "ह्याला इलाज नाही."

त्यांनी विश्वास ठेवला. एवढंच नाही — गल्लीतलं कुणी माझ्या नावाने कुरकुरलं, तर तेच समजावायचे, त्याच्या हातात नाही रे ते. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि घरात जाऊन हसलो.

पावसाळा संपेस्तोवर काकूंनी ओसरीत येणं सोडलं. मग चालणंच सोडलं. मागच्या अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडून राहू लागल्या. शेवटी नागपूरच्या लेकीने दोघांनाही आपल्याकडे बोलावून घेतलं. काकू ऑटोत बसण्यासारख्या राहिल्या नव्हत्या, म्हणून काका माझ्याकडे आले. स्टेशनपर्यंत सोडतं का?

काकूंना उचलून मागच्या सीटवर निजवलं. काका पुढे, माझ्या शेजारी. आणि किल्ली हातात घेऊन मी थांबलो. झडप बंद करून गाडी सुरू केली, तर माझं खोटं उघडं पडणार होतं. काय केलं असतंस तू? मी झडप उघडली. काकू आत असताना. इंजिन ओरडलं, मागून एक बारीक आवाज आला, आणि काका वळून त्यांचा हात धरून बसले. मी समोर बघत राहिलो.

गल्लीचा कोपरा आला. मोठा रस्ता लागला. आणि माझं बोट — रोजच्यासारखं, आपलं आपण — बटणावर गेलं.

गाडी शांत झाली. काकूंचा श्वास ऐकू येऊ लागला.

काकांनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग रिमोटकडे.

"म्हंजे," ते म्हणाले, "होते कमी."

स्टेशनवर मी काकूंना उचलायला वाकलो, तर काकांनी मधे हात घातला. "राहू दे." आणि त्या म्हाताऱ्या माणसाने तिला एकट्याने उचललं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी बोट पुन्हा बटणावर गेलं. ओसरी रिकामी होती. दाराला कुलूप होतं, मला दिसत होतं.

तरी मी दाबलं.