चालीवरून ओळखणारी

माझ्या आईने छत्तीस वर्षं बालवाडीच्या फाटकावर काढली. काम दिसायला सोपं. दुपारी साडेबाराला चाळीस पोरं बाहेर सोडायची आणि ज्याचं पोर त्याच्याच हाती द्यायचं. आमच्या घरात मात्र या कामाचा थाट असा, की जणू तिजोरीच्या किल्ल्या हिच्याच कमरेला आहेत. वही तिने कधी बाळगली नाही. "लिहिलं की डोकं आळशी होतं," म्हणायची. माणसं ती चेहऱ्यावरून ओळखतच नसे. चेहरा दाढीने बदलतो, चष्म्याने बदलतो, चाल मात्र मरेपर्यंत तीच, असं तिचं ठाम मत. कोणाची आई टाचा आपटत येते, कोणाचे आजोबा डावा खांदा पुढे काढून चालतात, सगळं तिच्या डोक्यात. मी चप्पल फरफटत चालते, म्हणून लहानपणापासून बोलणी खात आले. "पाय उचल गं. रस्ता झाडायला कोणी सांगितलंय तुला?"

संध्याकाळी शेंगा निवडताना ती चाळीसही पोरं रांगेने म्हणायची. आधी पोर, मग त्याला नेणारं माणूस. ही तिची तालीम. मी चिडवायची, की तुला जगाची पोरं पाठ, आणि माझी परीक्षा कधी आहे ते आठवत नाही. ती म्हणायची, "तू कुठे हरवणार आहेस?"

गेल्या वर्षी त्या रांगेत भोकं पडायला लागली. सतराव्या पोरापाशी ती थांबायची, शेंग हातात तशीच. मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, थकली असेल. खरं तर मला तसंच वाटून घ्यायचं होतं. तिनेही ताकास तूर लागू दिली नाही. गुपचूप बदाम भिजत घालू लागली, पहाटे उठून उजळणी करू लागली, पेपरातली शब्दकोडी सोडवू लागली. दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर ती पोट धरून हसली असती.

मग ती गोष्ट घडली. निळ्या दप्तराच्या एका मुलाची आई फाटकावर येऊन सांगून गेली होती, की घरात वाद चालू आहेत, यापुढे ती स्वतः किंवा तिची आईच मुलाला नेणार, त्याच्या काकाकडे द्यायचं नाही.

"लिहून ठेवता का, मावशी?"

"डोक्यात लिहिलंय," आई म्हणाली.

आठवड्याने काका आला. दोन वर्षं तोच न्यायला यायचा. ढांगा टाकत येणारी ती चाल आईने लांबूनच ओळखली आणि हसून मुलाचा हात त्याच्या हातात दिला. जुनं होतं ते पक्कं होतं. नवं तेवढं निसटलं.

मुलगा दीड तासाने काकाच्या घरी सापडला. टीव्हीसमोर बसून केळं खात होता. पण तो दीड तास त्याची आई फाटकाजवळच्या स्टुलावर बसून होती आणि माझी आई तिच्यासमोर उभी होती. ती बाई एक शब्दही वाईट बोलली नाही. आई म्हणते, बोलली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिची समजूत घातली. "मूल सुखरूप आहे ना? मग आता विसरून जा."

"तेच तर होतंय, बाई," आई म्हणाली. "मला फाटकावरून काढा."

डोळ्यात तेल घालून केलेलं काम तिने आपल्या तोंडाने सोडलं. मी असते तर सगळं त्या काकावर ढकलून मोकळी झाले असते.

डॉक्टरांनी तपासलं. गेलंय ते परत येईलच असं नाही, म्हणाले, पण राहिलंय ते सांभाळता येईल. पुरेशी झोप घ्या, रोज चाला, एका वेळी एकच काम करा आणि लिहा. शेवटच्या शब्दाला आईने तोंड फिरवलं. घरी येताना मात्र दोनशे पानी वही घेतली.

महिनाभर ती लिहीत होती. एका पानावर एक मूल. खाली नेणारी माणसं, त्यांच्या चालीसकट. कोणाकडे द्यायचं नाही, ते लाल शाईने. फाटकावर आता नवी बाई आहे. आई तिच्या शेजारी स्टुलावर बसते आणि रोज सकाळी दोघी वही वाचतात. मोठ्या बाईंनी तेवढी परवानगी दिली आहे. साडेबाराला पोरं गेली, की मी आईला घरी आणते. एकदा मी विचारलं, "आता नाही का डोकं आळशी होत?" ती म्हणाली, "आळशी परवडलं. गर्विष्ठ नको."

परवा वहीचं कव्हर सुटलं म्हणून मी ती चिकटवायला घेतली. चाळीस मुलं संपली, पुढे बरीच पानं कोरी, आणि अगदी शेवटच्या पानावर आणखी एक नोंद. वर आईचं स्वतःचं नाव होतं. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "न्यायला येणार: मुलगी. चप्पल फरफटत येते. चेहरा ओळखू आला नाही तरी तिच्याबरोबर जायचं." आणि त्याखाली लाल शाईने: "तिला इतक्यात सांगायचं नाही. रडेल."

रडलेच. मग तोंड धुतलं, वही होती तशी तिच्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आणायला गेले, तेव्हा शाळेची भिंत लागल्यापासूनच पाय मुद्दाम घासत चालले. आई माझ्याकडे पाठ करून नव्या बाईशी बोलत होती. मागे वळून न बघताच तिने स्टुलाखालची पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला, माझं माणूस आलं."

पाय उचल, असं काही म्हणाली नाही.